सातबारावर सात नावं, रानात तीन नांगर: जमिनीची घरची नोंद मोफत सॉफ्टवेअरमध्ये कशी बांधावी

आमचं गाव परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या अंगाला. आजोबांच्या नावावर एकच गट होता, ३ हेक्टर २० आर. आजोबा गेले, मागून वडील गेले, वारसाचे फेरफार झाले आणि सातबारावर सात नावं आली: तीन काका, आत्या, माय, भाऊ आणि मी. वावरात नांगर मात्र तीनच चालतात. थोरल्या काकांचा, तिसऱ्या काकांचा आणि आमच्या भावाचा. धाकटे काका पुण्याला असतात, त्यांचा वाटा थोरले काका ठोक्यानं, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन, करतात. आत्या सेनगाव तालुक्यात दिलेली. तिचा वाटा तिसऱ्या काकांच्या वहितीत आहे, आणि त्यावर घरात कधी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

पीककर्जाच्या वेळी मी सातबारा नीट वाचला तेव्हा क्षेत्र ३.०२ दिसलं. हातानं लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर ३.२० होतं. संगणकावर चढवताना दोन आकडे इकडचे तिकडे झाले आणि अठरा आर जमीन कागदावरून गेली. दुरुस्तीचा अर्ज केला, पुरावे जोडले, दीड वर्ष फेऱ्या मारल्या, मग ती आली. त्या दीड वर्षात मला एक गोष्ट पक्की कळली. कोणता कागद कुठं आहे, कोण काय कसतं, कुणाचा वाटा कुठून आला, हे आमच्या घरात एकाही माणसाला सलग सांगता येत नव्हतं. प्रत्येकाकडं एकेक तुकडा होता.

मी आयटीआयला सर्वेक्षकाचा कोर्स केलेला आहे आणि काही वर्षं कालव्याच्या कामावर मोजणीला होते. त्या शिदोरीवर मी आधी आमच्या घराची आणि नंतर गावातल्या आणखी अठरा गटांची नोंद बांधली. सॉफ्टवेअरला एक रुपया लागला नाही. हे काम तुम्हाला तुमच्या भावकीसाठी, बचत गटासाठी किंवा गावासाठी कसं करता येईल, ते इथं लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणाची फसगत नको. ही नोंद म्हणजे सरकारी नोंद नव्हे. खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडंच होते, फेरफार तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांकडूनच मंजूर होतो, हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीनंच ठरते. सातबारासुद्धा मालकीची अखेरची हमी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणं ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकंच. उलट सिद्ध करायचं तर जुळवलेले कागद लागतात. आपण जे बांधणार आहोत ते त्यासाठी.

कोणतं सॉफ्टवेअर, आणि कोणतं नाही

हा प्रश्न फक्त मराठवाड्याचा नाही. आफ्रिका-आशियातल्या कितीतरी देशांत जमिनीचा मोठा भाग कुठल्याच सरकारी वहीत नाही, आणि दरवर्षी परवान्याचे पैसे भरून महागडं सॉफ्टवेअर चालवणं तिथल्या कचेऱ्यांना परवडत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं फिनलंडच्या पैशातून ‘सोला’ नावाची मुक्त प्रणाली बांधली आणि घाना, नेपाळ आणि सामोआ या देशांत ती वापरून पाहिली. अर्ज आला, छाननी झाली, नोंद मंजूर झाली, नकाशा बदलला, हे सगळं कचेरीचं काम तिच्यात बसतं. ती जावा या संगणकी भाषेत लिहिलेली आहे आणि खाली पोस्टग्रेएसक्यूएल हा मोफत डेटाबेस आहे. पण ती कचेरीसाठी आहे. तिला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो. एका भावकीसाठी सोला बसवणं म्हणजे चार शेळ्यांसाठी बाजार समिती उघडणं. संस्था मोठी असेल, तालुकाभर काम असेल, तरच तिकडं वळा.

आपल्या कामाचा खरा विचार दुसरीकडं आहे. यूएन-हॅबिटाट आणि तिच्याशी जोडलेल्या ग्लोबल लँड टूल नेटवर्कनं ‘सोशल टेन्युअर डोमेन मॉडेल’ तयार केलं. त्याला एसटीडीएम म्हणतात. जमीन नोंदीसाठी २०१२ मध्ये आयएसओ १९१५२ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्याच घराण्यातलं हे. युगांडातल्या म्बाले शहरात झोपडवस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या वस्तीची नोंद याच्यावर केली. त्याचा गाभा चार शब्दांत मावतो: माणूस, जागा, त्यांचं नातं, आणि त्या नात्याचा पुरावा. नातं म्हणजे फक्त मालकी असं हे मॉडेल मानत नाही. कसणारा, राहणारा, वाटेवरून जाणारा, गहाण घेतलेला, सगळे बसतात. एकाच जागेवर दोघांनी हक्क सांगितला तरी दोन्ही नोंदी राहतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या आत्याची आठवण झाली. आमच्या घरातल्या कुठल्याच हिशोबात तिला रकाना नव्हता. इथं होता.

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर. एसटीडीएम त्यात प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, म्हणून चालतं. ते बसवायचं असेल तर ते क्यूजीआयएसच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते आधी पाहा. मी प्लगइन घेतलं नाही, फक्त त्याची मांडणी घेतली आणि साध्या क्यूजीआयएसमध्ये चार तक्ते केले. नवख्या माणसाला मी हाच मार्ग सांगीन. पुढं काही बिघडलं तर आपलं आपल्याला दुरुस्त करता येतं.

म्हणजे लागणारं सामान असं: लॅपटॉपवर क्यूजीआयएस, त्यातही दीर्घ मुदतीची म्हणून दिलेली आवृत्ती. अँड्रॉइड फोनवर क्यूफील्ड, म्हणजे क्यूजीआयएसमधला प्रकल्प रानात भरायचं ॲप. आणि माहिती साठवायला जिओपॅकेज, ही एकच फाइल असते, पेनड्राइव्हवर मावते. तिन्ही मोफत आणि तिन्ही बिना-इंटरनेट चालतात. माझा लॅपटॉप परभणीहून चौदा हजारांना घेतलेला जुना आहे, ८ जीबी रॅमचा, तेवढ्यावर भागतं. याशिवाय तीस मीटरचा टेप, खुंट्या, चुना आणि एक जाड वही.

आधी कागद

लॅपटॉप उघडायच्या आधी घरातली पेटी उघडा. चालू सातबारा आणि आठ अ सगळेच काढतात. खरी गोष्ट फेरफारात असते. सातबारावर प्रत्येक नावापुढं फेरफार क्रमांक असतो. एकेका क्रमांकाची नक्कल मागवत मागं जायचं. गटाच्या आधी सर्वे नंबर होते. तुकडे जोडून गट पाडले त्या एकत्रीकरणात कोणता सर्वे नंबर कोणत्या गटात गेला, ते योजनेच्या उताऱ्यावरून जुळवायचं. नाहीतर आजोबांच्या काळचा कागद आणि आजचा गट यांचा सांधा लागत नाही.

आपल्या भागात याच्याही मागं एक पायरी आहे. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. म्हणून जुने कागद उर्दूत निघतात, काही मोडीत. साल फसली, म्हणजे निजामाच्या काळचं महसुली, असतं. आपल्याकडच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३६० फसली हे १९५०च्या आसपासचं. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक मिळालं तर ते जपून ठेवा. कूळ आणि इनामाच्या वादात ते फार वेळा पुढं येतं. कागदावरचं फसली साल जसं आहे तसं एका रकान्यात लिहायचं आणि इसवी सन शेजारच्या रकान्यात. मूळ आकडा पुसून फक्त आपला हिशोब ठेवू नका.

प्रत्येक कागदाचा फोटो दिवसा, सावलीत, वरून सरळ काढा. फाइलला नाव द्यायचं ते गट, कागदाचा प्रकार आणि साल असं. आमच्या पेटीत एकोणचाळीस कागद निघाले. त्यातले सहा दुसऱ्याच भावकीचे होते. ते मी परत नेऊन दिले.

चार तक्ते

ही पायरी सावकाश करा. नकाशा नंतर कधीही सुधारता येतो. तक्त्यातली चूक मात्र सगळीकडं पसरते.

क्यूजीआयएसमध्ये लेयर मेनूतून नवं जिओपॅकेज करायचं आणि त्यात चार थर: माणसं, जागा, नाती, कागद. जागेचा थर पॉलिगॉनचा, म्हणजे बंद आकृत्यांचा, बाकी तीन बिनाआकृतीचे. रकान्यांची मूळ नावं छोटी आणि रोमन अक्षरांत ठेवा, पुढं सूत्र लिहिताना त्रास होत नाही. दिसण्यासाठी त्यांना मराठी उपनाव देता येतं. आतली माहिती सगळी मराठीत, युनिकोडमध्ये. जुन्या डीटीपीच्या फॉन्टात टाइप केलेली यादी कुणी दिली तर ती आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्या.

माणसांच्या तक्त्यात प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा आणि सगळीकडं तो क्रमांकच वापरायचा, नाव नाही. आमच्या पणजोबांचं नाव एका फेरफारात ज्ञानोबा आहे, दुसऱ्यात ग्यानोबा, तिसऱ्यात नुसतं ग्यानू. माणूस एकच. बायकांचं तर माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि कागदावर कधी नुसतं ‘भ्र.’ लावून नवऱ्याचं. म्हणून ‘कागदावरची इतर नावं’ असा रकाना ठेवा आणि जितकी रूपं सापडतील तितकी लिहा. मेलेल्या माणसांनाही क्रमांक द्या, कारण वाटे त्यांच्यातूनच उतरतात.

जागेच्या तक्त्यात गट क्रमांक, पोटहिस्सा, भोगवटादार वर्ग एक की दोन, आणि क्षेत्राचे तीन वेगळे रकाने: कागदावरचं लागवडीलायक क्षेत्र, कागदावरचं पोटखराब, आणि नकाशातून आलेलं क्षेत्र. हे तिन्ही कधीही एकमेकांत मिसळू नका. आमच्या गटाचं नकाशातलं क्षेत्र ३.१७ येतं, कागदावर ३.२० आहे. जुन्या कागदी नकाशावरून काढलेल्या आकृतीत एवढा फरक पडतोच. तो दिसू द्यायचा. बरोबर करायला रेघ सरकवली की नोंदीचा प्राण गेला.

गट क्रमांक लिहिताना आकडे मराठी की इंग्रजी हे पहिल्या दिवशी ठरवा. आपल्या डोळ्यांना दोन्ही १४२ सारखेच, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि तक्ते जुळत नाहीत. मी यात दोन दिवस घालवले. आता आतल्या रकान्यात इंग्रजी आकडे ठेवते आणि छापताना मराठी करते.

नात्यांचा तक्ता सगळ्यात महत्त्वाचा. त्यात माणसाचा क्रमांक, जागेचा क्रमांक, नात्याचा प्रकार, वाटा, कधीपासून, कधीपर्यंत, आणि कुणी सांगितलं. प्रकारांची यादी आधीच ठरवून ड्रॉपडाउन करा, म्हणजे प्रत्येक जण वेगळा शब्द लिहीत नाही. आमची यादी गावात बसून तयार झाली: मालक, सामाईक, कूळ, बटईनं, ठोक्यानं, गहाण, गाडीवाट, विहिरीची पाळी, झाडाचा वाटा, देवस्थान इनामाची वहिवाट, गायरानावरची वहिती, हक्कसोड. विहिरीची पाळी हा प्रकार एका म्हाताऱ्या बाबांनी सुचवला. आठवड्यातल्या कोणत्या दिवशी कुणाचं पाणी, हे त्यांच्या तोंडी होतं आणि तीन घरांची भांडणं त्यावरच होती.

हक्कसोड वेगळी लिहा आणि तिच्यापुढं कागदाचा क्रमांक सक्तीचा करा. बहिणीनं हक्क सोडला असं दहा घरांत तोंडानं सांगतात. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र किती घरांत आहे ते रकाना भरताना कळतं. कागद नसेल तर बहिणीचं नातं चालूच आहे असं लिहायचं. आमच्या घरी हे लिहिताना तिसऱ्या काकांना वाईट वाटलं. मी त्यांच्यासमोरच लिहिलं, आणि ते उठून गेले नाहीत. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली, म्हणजे नवऱ्यानं हयातीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावलं असेल, तर तेही इथंच येतं. १९९२ पासून ही सोय आहे आणि अजून कित्येक बायकांना ती माहीत नाही.

वाटा टक्क्यांत लिहू नका. अंश आणि छेद असे दोन रकाने करा. आजोबांना पाच मुलं, म्हणून प्रत्येकाचा १/५. वडिलांचा पाचवा हिस्सा माय, भाऊ आणि मी यांच्यात, म्हणून आमचा प्रत्येकी १/१५. चार पंचमांश आणि तीन पंधरांश मिळून बरोबर एक होतात. टक्क्यांत लिहिलं असतं तर ६.६६ लिहायचे की ६.६७, यावरून बेरीज चुकली असती. प्रत्येक गटाच्या मालकीच्या वाट्यांची बेरीज एक येते का, हे क्यूजीआयएसच्या डीबी मॅनेजरमध्ये एका ओळीच्या क्वेरीनं, म्हणजे तक्त्याला विचारलेल्या प्रश्नानं, तपासता येतं. त्यात अंशाला आधी १.० नं गुणा. नाहीतर यंत्र पूर्णांकांचा भागाकार करून १/५ चं उत्तर शून्य देतं. एकोणीस गटांपैकी सात गटांत बेरीज एक आली नाही. कुठं वारस सुटला होता, कुठं विकलेल्या हिश्श्याचा फेरफार झालाच नव्हता. हे शोधायला मोजणीची गरजसुद्धा पडली नाही.

आणि ओळ कधी पुसायची नाही. नातं संपलं तर ‘कधीपर्यंत’ मध्ये तारीख टाकायची आणि नवी ओळ करायची.

नकाशा बसवणं

गाव नकाशाची नक्कल भूमी अभिलेखच्या कार्यालयातून घ्या. नुसतं पाहायला राज्याच्या भूनकाशा पोर्टलवर गट दिसतो. नक्कल सपाट स्कॅन करा, घडीवर वजन ठेवून.

प्रकल्पाचा निर्देशांक, म्हणजे जागा मीटरमध्ये मोजायचा पट्टा, ठेवायचा यूटीएम ४३ उत्तर; क्यूजीआयएसच्या यादीत त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. मराठवाड्याचा जवळपास सगळा भाग ७८ रेखांशाच्या पश्चिमेला आहे, त्याला हा चालतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, किनवटच्या बाजूला, ७८ ओलांडतं. तिथं ३२६४४ घ्या.

मग लेयर मेनूतलं जिओरेफरन्सर, ते स्कॅन केलेला नकाशा जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवतं. नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडं ओळखू येणाऱ्या जागा लागतात: शिवेवरचा तिकोना दगड, जुनी विहीर, नाल्याचा संगम, दोन पाणंदींचा फाटा. तीन बिंदूंवर नकाशा बसतो, पण मी आठ तरी घेते आणि ते गावभर पसरलेले. रूपांतराचा प्रकार पहिल्या घाताचा बहुपदी, म्हणजे पॉलिनॉमियल एक. यादीत थिन प्लेट स्प्लाइन दिसेल. त्यात नकाशा प्रत्येक बिंदूवर तंतोतंत बसल्यासारखा दिसतो, पण कागद ताणून बसवलेला असतो आणि चूक लपते. पॉलिनॉमियलमध्ये प्रत्येक बिंदूपुढं किती फरक राहिला तो आकडा येतो. एखाद्याच बिंदूचा फार मोठा आला तर बहुतेक आपण चुकीची विहीर धरलेली असते.

आकृती काढताना स्नॅपिंग आणि टोपोलॉजिकल एडिटिंग चालू ठेवा, म्हणजे शेजारच्या गटांची सामाईक रेघ एकच राहते, आणि शेवटी टोपोलॉजी चेकर लावून गटांत फट किंवा एकावर एक चढलेला भाग आहे का ते पाहा. क्षेत्र फील्ड कॅल्क्युलेटरनं काढायचं. चौरस मीटरला १०० नं भागलं की आर, १०१.१७ नं भागलं की गुंठे. म्हाताऱ्या माणसांना दाखवायच्या प्रतीवर एकर-गुंठेही छापा, त्यांना हेक्टर-आर बोलत नाहीत.

रानात

पाडवा झाला की वावरं मोकळी होतात आणि पहिल्या पावसापर्यंत धुरे स्पष्ट दिसतात. तेव्हाच हे काम करायचं. सकाळी सहाला सुरू, दहाला बंद. वैशाखात फोन तापून आपोआप बंद पडतो, त्याला ओल्या फडक्याच्या सावलीत ठेवा.

क्यूफील्डसिंक प्लगइननं प्रकल्प फोनवर न्यायचा, रानात भरायचा, घरी आणून परत मिळवायचा. फोटोसाठी रकाना ‘अटॅचमेंट’ ठेवला की खुणेचा फोटो थेट त्या नोंदीला चिकटतो.

फोनच्या जीपीएसवर किती विसंबायचं, हे नीट समजून घ्या. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन तीन ते पाच मीटर इकडं तिकडं असतो. शंभर मीटर लांबीच्या धुऱ्यावर तीन मीटरची चूक म्हणजे तीनशे चौरस मीटर, म्हणजे तीन आर. आपल्याकडं भांडण दोन फुटांवरून होतं. म्हणून फोननं कधीही हद्द ठरवू नका आणि कुणाला ‘तुझा धुरा आत आहे’ असं फोन बघून सांगू नका. फोन खुणा शोधायला आणि कोण कुठं कसतं ते दाखवायला. खुणेचा बिंदू घेताना क्यूफील्डमध्ये सरासरीची सोय आहे, फोन दगडावर ठेवून मिनिट-दोन मिनिटं थांबा.

आतल्या वाटण्या टेपनं मोजा. दोन पक्क्या खुणांपासून तिसऱ्या बिंदूचं अंतर टेपनं घेतलं की क्यूजीआयएसमध्ये त्या दोन खुणांभोवती तेवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढायची. ती जिथं छेदतात तिथं तो बिंदू. जुनी माणसं साखळीनं हेच करत होती. ती साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजेच एक गुंठा. आमच्या थोरल्या काकांना आण्यांत अंतर सांगता येतं. त्यांनी सांगितलेला आकडा मी फुटांत करून वहीत लिहिला आणि टेपशी ताडून पाहिला, हातभराच्या आत जुळला.

काळ्या रानात दगड एका जागी राहत नाही. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दगड कलतो, खाली जातो, आणि ट्रॅक्टर धुऱ्याची एकेक वीत दरसाल खातो. म्हणून दगडासोबत न हलणारी खूण लिहा: विहिरीचं काठाळ, आखाड्याचा कोपरा, जुनं लिंबाचं झाड, आणि प्रत्येकापासून दगडाचं अंतर.

रानात जाताना दोन्ही बाजूंचे शेजारी बोलावल्याशिवाय जाऊ नका. एकट्यानं काढलेली रेघ गावात टिकत नाही.

वाद असेल तिथं

मिटवायला जाऊ नका. दोन आकृती काढा, प्रत्येकीवर कोण काय सांगतं ते त्याच्या शब्दांत लिहा, तारीख टाका, आणि तो भाग नकाशावर वेगळ्या रंगात आखा. आमच्या गावच्या एका गाडीवाटेवर तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. तिन्ही नोंदल्या. पुढं रस्त्याचा अर्ज झाला तेव्हा त्या तिघांनीही आपलं म्हणणं आधी लिहून दिलेलं होतं, आणि त्यामुळं पाहणीच्या दिवशी नवं काही उगवलं नाही.

वाचून दाखवणं

प्रिंट लेआउटमधल्या ॲटलसच्या सोयीनं प्रत्येक गटाचं एक पान आपोआप तयार होतं: वर नकाशा, खाली नाती आणि वाटे, तळाला कागदांची यादी. मोठ्या ए-३ कागदावर छापा. मग ते पारावर किंवा शाळेत मोठ्यानं वाचा. गावाला चावडीवाचन नवीन नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बोट ठेवून दाखवा. बायकांना वेगळं, दुपारच्या वेळेला, एखाद्या घरी वाचून दाखवा. पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत, आणि कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, कुठली विहीर कुणाच्या दागिन्यांवर खणली, हे त्यांनाच ठाऊक असतं. आमच्या आत्याला मी सेनगावहून मुद्दाम आणलं. तिनं स्वतःच्या नावापुढचा १/५ पाहिला, कागद घडी करून पदरात ठेवला आणि चहा होईपर्यंत काही बोलली नाही.

दुरुस्त्या लाल पेननं त्याच कागदावर घ्या. तो कागदही फोटो काढून कागदांच्या तक्त्यात जातो.

तहसीलला जाताना

बेरीज चुकलेले गट, आकडे चुकलेले उतारे आणि वाटण्या, अशा तीन थप्प्या करा. टाइप करताना झालेली चूक असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली अर्ज, सोबत जुना हस्तलिखित उतारा आणि संबंधित फेरफार. सहहिस्सेदारांत वाटणी हवी असेल तर कलम ८५, आणि तिथं सगळ्यांची संमती असली की काम सोपं होतं. कुणाचा वाटा कायद्यानं किती, हे मात्र वकिलाला विचारूनच लिहा, माझ्या तक्त्यावरून नाही. हद्दीचा प्रश्न असेल तर थेट सरकारी मोजणीचा अर्ज. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, ती तारीख तक्त्यात लिहून ठेवा. अर्जाला आपला ॲटलसचा कागद जोडायचा तो माहितीसाठी म्हणून. त्यावर ‘हा अधिकृत नकाशा नाही’ असं ठळक छापलेलं असू द्या. समोरच्या अधिकाऱ्याला एका पानात सगळे फेरफार क्रमांक ओळीनं मिळाले की त्यांचंही काम हलकं होतं. दोघातिघांनी मला तसं सांगितलं.

फाइलच्या तीन प्रती ठेवा: लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर, आणि दुसऱ्या गावात कुणाकडं तरी. आमची तिसरी प्रत धाकट्या काकांकडं पुण्याला असते. आधार क्रमांक, बँक खातं, फोन नंबर तक्त्यात अजिबात घेऊ नका, फोन हरवला तर गावाची माहिती रस्त्यावर जाते. आणि कुणाच्या गटाचं पान त्या गटातल्या माणसांनी हो म्हटल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नका. जमीन घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा असल्याच यादीची चौकशी करतो.

गुढीपाडव्याला गावात सालगड्याचं साल बदलतं, ठोके नव्यानं ठरतात. त्या आठवड्यात मी फाइल उघडते. कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, कुणी ठोका सोडला, ते घरोघरी विचारून नात्यांच्या तक्त्यात जुन्या ओळीला तारीख टाकते आणि नवी ओळ लिहिते. या वर्षी आमच्या गटात एकच नवी ओळ आली. आत्याचा वाटा तिसरे काका आता ठोक्यानं करतात, आणि ठोक्याची रक्कम तिनं सांगितली तीच आहे.